कॅमेरे आणायला नागपूरला

मी नागपूरला गेले ती कॅमेरे आणायला. जानेवारीचे दिवस होते. मिरज स्टेशनवर सोडायला आलेला नवरा म्हणाला, "लोक नागपूरहून संत्री आणतात, तू भंगार आणायला निघालीस." मी हसले, पण पिशवीत दुकानातली मऊ फडकी आणि भिंगं पुसायचं द्रावण नीट आहे ना, हे तेवढ्यात पुन्हा पाहून घेतलं.

मिरजेत आमचं चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. काउंटरच्या मागे काचेचं एक कपाट आहे आणि त्यात माझे एकाहत्तर कॅमेरे. दोन भिंगांचे उभे, भाता ओढून उघडायचे, लग्नात फोटोवाले गळ्यात अडकवायचे ते वजनदार. अलीकडे मी सुरुवातीचे डिजिटलही जमवते. ते तर लोक अक्षरशः कचऱ्यात टाकतात, कारण त्यांचं कार्ड मिळत नाही, चार्जर मिळत नाही आणि मोबाइल त्यांच्यापेक्षा बरा फोटो काढतो. माझा हात भिंगांवर बसलेला. बुरशी काढायची, पितळ घासायचं, चामडं चिकटवायचं, आणि कपाटात मांडायचं. गिऱ्हाईक डोळे तपासायच्या खुर्चीत बसून "व्वा" म्हणालं की माझा दिवस चांगला जायचा.

आम्हा जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर डिसेंबरात कुणीतरी एक निरोप टाकला होता: "जुने कॅमेरे देणे आहेत. विकायचे नाहीत. येऊन, शिकून, चालवून दाखवून घेऊन जावे. नंदनवन, नागपूर." खाली फोन नंबर. मी लगेच फोन लावला. पलीकडून जाडसर, सावकाश आवाज आला.

"या नं. या."

"किती दिवस लागतील?"

"ते तुम्हाले काय येते त्याच्यावर आहे."

या उत्तराचा अर्थ मला मिरजेत कळला नव्हता.

नंदनवन

प्रताप नगरात माझी मावसबहीण सुलभा राहते. तिच्याकडे बॅग टाकली, अंघोळ केली आणि बाहेर येऊन रस्त्यात उभ्या माणसाला विचारलं, "इथे रिक्षा कुठे मिळेल?" त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. नागपुरात रिक्षा म्हणजे पायांनी चालवायची. आपण जिला रिक्षा म्हणतो तिला तिथे ऑटो म्हणतात. ऑटोने शहराच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. रस्ते रुंद, झाडं भरपूर, आणि थंडी अशी की सकाळी अकरालाही ऑटोवाल्याच्या कानाला मफलर.

भोयरकाकांचं घर दोन खोल्या खाली, दोन वर. दार काकूंनीच उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, पदर खोचलेला. मला नखशिखांत पाहून त्यांनी आत हाक मारली, "अहो, मिरजेच्या ताई आल्या. एकट्याच आल्या जी!" आणि मग मला, "बसा. जेवून घ्या आधी. मंग ते तुमचं खटखट करत बसा."

काका सत्तरीच्या पुढचे. उंच, पांढरेशुभ्र केस मागे वळवलेले. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या उजव्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी पाहत होते. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काढल्यावर अशा माणसाला मी दारातच ओळखते. नजरेचा मधला भाग गेलेला आणि कडेचा शिल्लक. समोरच्या माणसाचा चेहरा पाहायचा तर आपण तोंड फिरवायचं. याला चष्मा नाही. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "चष्म्याचं नका सांगू ताई. डॉक्टर सगळे करून झाले."

जेवायला पाटवडी, रस्सा आणि भाकरी होती. काकूंनी विचारलं, "सांभार चालते नं?" मी म्हटलं, "हो, पण भाकरीबरोबर?" तर त्यांनी ताटात भरपूर कोथिंबीर टाकली. तिकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. रस्सा इतका जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. काकू खूश झाल्या आणि त्यांनी आणखी एक वाटी वाढली. आमच्या कोल्हापूर-मिरजेच्या लोकांना तिखटाचा उगीच अभिमान असतो. तो माझ्यापुरता त्या दुपारी उतरला.

जेवणानंतर काकांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. चौदा कॅमेरे, प्रत्येक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. हात लावून ते एकेकाची ओळख करून देत होते. हा पहिला, वडिलांनी धानाच्या पैशातून घेऊन दिलेला. हा लग्नांचा. हा लायसनच्या फोटोंचा. शहराच्या पश्चिमेला अमरावती रोडवर वाडी म्हणून भाग आहे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांचा. तिथे काकांचा पस्तीस वर्षं स्टुडिओ होता. ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सगळ्यांचे कागदपत्रांवरचे चेहरे काकांनी काढलेले. नंदनवनहून रोज स्कूटरने वाडीला जायचे. डोळे गेले तसा स्टुडिओ बंद केला.

पेटीच्या तळाशी पावाच्या लादीएवढा एक करडा ठोकळा होता. मी तो पाहून जवळजवळ ओरडलेच. फ्लॉपीवर फोटो उतरवणारा डिजिटल कॅमेरा! कितीतरी वर्षं मी तो शोधत होते.

"चालतो?" मी विचारलं.

"दहा मिनिटं. मंग बॅटरी बसते." काकांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि त्या जागी एक काळा-चंदेरी फिल्मचा कॅमेरा ठेवला. "हे नंतर. आधी यात रीळ भरून दाखवा."

मी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. भिंग उजेडाकडे धरून पाहिलं, निर्मळ होतं. आणि मग थांबले. फिल्मची डबी उजवीकडे बसते की डावीकडे, हे मला आठवेना. एकाहत्तर कॅमेऱ्यांपैकी एकातही मी आजवर रीळ घातलेलं नव्हतं. शाळेत असताना सहलीला मामाच्या कॅमेऱ्याने दोन फोटो काढले होते, तेवढेच. रीळ महाग, धुवायला कुठे द्यायचं हा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर कधी गरजच वाटली नाही.

काकांनी विचारलं, "येत नाही नं?"

"नाही."

मला वाटलं, आता हे म्हणतील, बरं, या आता. पण काका आत गेले आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवलेली चार रिळं घेऊन आले. मुदत उलटून गेलेली, काळ्यापांढऱ्याची, त्यांच्याकडची शेवटची. "खोटं नाही बोलल्या, बरं केलं. बसा."

कानांनी शिकण्याचा दिवस

दुसरा पूर्ण दिवस गच्चीवर गेला. काकू खाटेवर डाळ निवडत बसल्या होत्या. काका मला एक फुकट गेलेलं रीळ घेऊन ते कॅमेऱ्यात भरायला शिकवत होते, स्वतः न पाहता. बोटांनी फिल्मचं पुढे आलेलं टोक चाचपून ते सांगत, "जीभ खाचेत गेली नाही," आणि खरंच गेलेली नसे. शटर दाबलं की ते सेकंदाच्या कितव्या भागापुरतं उघडलं, हे ते ऐकून सांगत. "हे साठाचं नाही, तिसाचं वाजलं. तेल सुकलं आत." मी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून मोजून पाहिलं. काकांचं बरोबर होतं.

"अन् हे ध्यानात ठेवा," ते म्हणाले, "उजवा खटका ओढला का डावीकडची चकती फिरली पायजे. फिरली नाही म्हणजे आत फिल्म सरकून राहिली नाही. वरचा आकडा पुढं जाते, त्याच्यावर भरोसा नाही ठेवायचा. चकती पाह्यची."

मी वहीत लिहून घेतलं: चकती पाहायची.

संध्याकाळी खाली उतरायच्या आधी काका म्हणाले, "उद्या वाडीले चला. खरा फोटो काढायचा आहे. माह्याच्यानं आता होत नाही, तुम्ही काढा."

त्यांच्या स्टुडिओशेजारी निर्मलाबाईंची खानावळ होती. ड्रायव्हर-हमालांची. सहा बायका मिळून ती चालवत आलेल्या. खानावळ उघडली त्या दिवशी काकांनी त्यांचा फोटो काढला होता आणि तो अजून तिथल्या भिंतीवर आहे. आता त्यांच्यातली बेबीबाई कायमची मुलीकडे भिलाईला चालली होती. शनिवारी दुपारची गाडी. त्याआधी तसाच एक फोटो त्यांना हवा होता, त्याच कॅमेऱ्याने.

"मोबाइल असतील ना त्यांच्याकडे?" मी विचारलं.

काकूंनी डाळीतून मान वर केली. "मोबाइलमधले फोटो मोबाइलसंगच मरते वं माय. माह्या नातवाचे सगळे तसेच गेले."

वाडी

शुक्रवारी सकाळी आम्ही वाडीला गेलो. शहर संपता संपता ट्रक सुरू होतात. दोन्ही बाजूंना गोदामं, ताडपत्र्या, टायरची दुकानं, वर भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांच्या कठड्यांवर वाळत घातलेल्या लुंग्या. हवेत डिझेल आणि फोडणी यांचा एकत्र वास. काका ऑटोतून उतरताच तीन-चार जणांनी "राम राम काका" केलं. काका आवाजावरून नावं घेत होते.

खानावळ म्हणजे पत्र्याची मोठी शेड. निर्मलाबाई पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, हातात झारा. बेबीबाई त्यांच्याहून मोठ्या, काटकुळ्या, भाकरी थापता थापता हसणाऱ्या. आज सगळ्याजणी जरीकाठाच्या साड्या नेसून चुलीपाशी उभ्या होत्या आणि वरून स्वेटर घालून होत्या.

"फोटोत स्वेटर काढून टाकू बरं का," निर्मलाबाईंनी बजावलं.

जेवायची वेळ होत आली होती. बाकांवर ड्रायव्हर येऊन बसले होते. निर्मलाबाईंनी झारा उंच धरून जाहीर केलं, "पंधरा मिनिटं जेवण बंद! फोटो आहे आमचा." एकही माणूस कुरकुरला नाही. दोघांनी उठून बाक बाजूला ओढले, एकाने शेडचा पडदा वर बांधून उजेड आत घेतला.

मी फोटो काढले. रीळही मीच भरलं होतं. पहिले चार-पाच झाल्यावर मला मजा यायला लागली. सहाजणी ओळीत, मग चुलीपाशी, मग बेबीबाई एकट्या, मग भाकरीची परात मध्ये ठेवून. मी "हसा" म्हटलं की त्या गंभीर होत आणि मी रीळ ओढायला मान खाली घातली की हसत. वीस फोटो झाले. शेवटी त्यांनी मला जेवायला बसवलं आणि वांग्याची भाजी वाढून पैसे घ्यायला साफ नकार दिला. बेबीबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पहिल्यांदाच कोणी बाईनं माहा फोटो काढला," त्या म्हणाल्या.

नंदनवनला परतताना मी ऑटोत सारखी बोलत होते. काका गप्प होते. मला वाटलं, दमले असतील.

घरी आल्यावर मी रीळ उलटं गुंडाळलं. ते फारच सहज गुंडाळलं गेलं. काकांनी विचारलं, "झालं बी?" मी म्हटलं, "झालं."  काळ्या कापडी पिशवीत हात घालून त्यांनी फिल्म डब्यात चढवली, मोरीत बसून रसायनं ओतली, मनात आकडे मोजले. हे सगळं त्यांची बोटं करत होती. शेवटी धुऊन झाल्यावर त्यांनी डबा माझ्याकडे दिला. "काढा. पाहा."

मी फिल्म उलगडली. ती पाण्यासारखी स्वच्छ होती. कडेला कारखान्यात छापलेले आकडे तेवढे दिसत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही चेहरा नाही.

मी दोनदा पाहिली, दिव्याखाली धरून तिसऱ्यांदा पाहिली. मग मोरीच्या उंबऱ्यावरच बसले.

"काही नाही," मी म्हटलं. "कोरी आहे."

भरताना जीभ खाचेतून निसटली असणार. आणि मी वीसही वेळा वरचा आकडा पाहत होते. चकतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. वही माझ्या पिशवीत होती, त्यात माझ्याच अक्षरात ते वाक्य होतं.

काका स्टुलावर बसले. "गुंडाळताना आवाज आला नाही मले," ते हळू म्हणाले. "वाडीत बी वाटलं होतं. खटका फार हलका वाजून राहिला होता. पण म्हटलं, डोळे गेले, आता कानबी गेले असतील. म्हणून बोललो नाही. माही चूक आहे."

ते मला सहन झालं नाही. रडू आलं. ज्याने मला सांगितलं होतं तोच माणूस चूक स्वतःच्या कानांवर घेत होता. काकू आल्या, त्यांनी कोरी फिल्म उचलून दोरीवर चिमट्याने लावली, जणू तीही वाळवायची आहे, आणि मला उठवलं. "रडतं काहून वं? मेलं का कोणी? उद्या जा अन् सांगून ये त्याइले खरं."

पुन्हा वाडी

शनिवारी सकाळी प्रताप नगरातून निघताना सुलभा म्हणाली, "फोटो खराब झाले म्हणून फोन कर की. कशाला जातेस तोंड दाखवायला?" मलाही ते सोपं वाटत होतं. पण जेवण थांबवून उभ्या राहिलेल्या त्या सहाजणी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. मी नंदनवनहून काकांना घेतलं. त्यांनी आधीच स्वेटर चढवून, पिशवीत काळा-चंदेरी कॅमेरा, फ्लॉपीचा ठोकळा आणि एक रीळ घालून ठेवलं होतं.

खानावळीत बेबीबाईंची बोचकी एका बाकावर रचलेली होती. साधी साडी नेसून त्या शेवटच्या भाकऱ्या करत होत्या. निर्मलाबाईंनी मला पाहिलं आणि आनंदाने विचारलं, "आणले का फोटो?"

"नाही," मी म्हटलं. "एकही आला नाही. रीळ नीट बसलं नव्हतं, मी पाहिलं नाही. काकांनी शिकवलं होतं. माझी चूक."

 झारा कढईत थांबला. निर्मलाबाईंचा चेहरा पडला, तो मी पाहिला आणि मान खाली घातली.

मग बेबीबाईंचा आवाज आला. "मंग आता काढा नं. मी त अजून इथंच आहे."

"काल माहा पदर बी नीट नव्हता," दुसरी एक म्हणाली.

"अन् तू डोळे मिटले होते, मी पाह्यलं," तिसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. निर्मलाबाईंनी मोठा श्वास सोडला, झारा कढईतून वर काढला आणि बाकांवरच्या ड्रायव्हरांकडे वळल्या. "ऐका हो, आज बी पंधरा मिनिटं!"

आज कुणी जरीची साडी नेसलेली नव्हती. पिठाचे हात, कपाळावर घाम, तशाच उभ्या राहिल्या. मी बाकावर बसून रीळ भरलं. जीभ खाचेत घातली, बोटाने दाबून पाहिली. दार लावलं. खटका ओढला आणि डावीकडे पाहिलं. चकती फिरली.

"फिरली," मी मोठ्याने म्हटलं.

"आयकू आलं," काका म्हणाले.

बायका ओळीत उभ्या राहिल्या तेव्हा बेबीबाई मध्येच थांबल्या. "काकांना बसवा आमच्यात. इतकी वर्षं अख्ख्या वाडीचे फोटो ह्याइनं काढले. ह्याइचा एक तरी फोटो आहे का कोणापाशी?"

काका मागे सरकले. "नाही जी. फोटोग्राफर फोटोत नसते."

"आज फोटोग्राफर ह्या ताई आहे," बेबीबाई म्हणाल्या. "तुम्ही या इकडे."

मी कॅमेऱ्यामागे होते म्हणून बरं झालं. मला 'फोटोग्राफर' कुणी कधी म्हटलं नव्हतं. दुकानात मी चष्मेवाल्या वहिनी आहे, घरी भंगार जमवणारी. दोन ड्रायव्हरांनी काकांना दंडाला धरून मधल्या स्टुलावर बसवलं. ते अवघडून बसले, हात गुडघ्यांवर, तोंड सवयीने बाजूला वळवलेलं. मी फोकस लावला आणि म्हटलं, "काका, इकडे."

त्यांनी मान वळवली. मी शटर दाबलं. मग पुन्हा, आणि पुन्हा, प्रत्येक वेळी चकती पाहून.

बेबीबाईंच्या गाडीच्या आधी हा फोटो कागदावर येणं शक्य नव्हतं. तेव्हा काकांनी पिशवीतून तो करडा ठोकळा काढला. फ्लॉपी सरकवली, बटण दाबलं, आणि आतून दळण दळल्यासारखा घरघर आवाज आला. ड्रायव्हर जेवण सोडून जवळ आले. दहा मिनिटांत आठ फोटो निघाले आणि बॅटरी बसली.

आता फ्लॉपी वाचायची कुठे? निर्मलाबाईंनी समोरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसकडे बोट केलं. तिथे एक मुनीमजी, कानावर पेन, पिवळट पडलेल्या जुन्या कम्प्युटरवर मालाच्या पावत्या काढत होते. या पावत्यांना ते बिल्टी म्हणतात.

"फ्लॉपी?" मुनीमजी हरखून गेले. "है ना! मालिक रोज म्हणते फेका हे खटारा. मी म्हणतो, राहू द्या, कधी तरी कामी येईन." त्यांनी कम्प्युटरच्या फटीत फुंकर मारली, धूळ त्यांच्याच तोंडावर आली. फ्लॉपी आत गेली. खूप वेळ काही झालं नाही. आणि मग पडद्यावर वरून खाली, एकेक ओळ करत, सहा बायका आणि एक काका उतरले.

त्यांच्याकडे प्रिंटर होता तो बिल्टीचा, टोकदार सुया आपटत छापणारा, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. कर्कश आवाज करत त्याने आमचा फोटो छापला. जवळून पाहिलं तर नुसते काळे ठिपके. मुनीमजींनी तो कागद हात लांब करून धरला आणि ठिपक्यांतून बेबीबाई हसताना दिसल्या.

बेबीबाईंनी तो कागद कितीतरी वेळ पाहिला. मग चार घड्या न घालता गुंडाळला, पोळपाट-लाटण्याच्या बोचक्यात लाटण्याभोवती लपेटला आणि वरून साडीची चिंधी बांधली. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पीठ लागलं ते मी नंदनवनपर्यंत पुसलं नाही.

खिडकीपाशी

दुपारी फिल्म धुतली. डबा मीच उघडला. फिल्म बाहेर आली आणि तिच्यावर गडद-फिकट चौकोन होते. एकामागे एक. मी काही बोलायच्या आधी काकांनी विचारलं, "आहे?"

"आहे."

ती वाळल्यावर आम्ही वरच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीपाशी बसलो. ऊन तिरकं आत येत होतं. काकांनी फिल्म हातात घेतली, डोळ्यांच्या कडेने उजेडात धरून पाहिली, आणि परत माझ्याकडे दिली. "मले नाही दिसत. तुम्ही सांगा."

मी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि डावीकडून सांगू लागले. पहिल्या निर्मलाबाई, हातात झारा, खाली ठेवायला विसरल्यात. त्यांच्याशेजारी दोघी, एकीचा पदर वाऱ्याने उडालाय. बेबीबाई हसताहेत, समोरचे दोन दात नाहीत, हाताला पीठ. त्यांच्या पलीकडे दोघी, एक जण खाली चुलीकडे पाहतेय, बहुतेक भाकरी करपत होती. काका मध्येच प्रश्न विचारत होते. उजेड कुठून आहे? बेबीच्या चेहऱ्यावर सावली नाही नं? मागचे बाक दिसते का? मी सगळ्याची उत्तरं देत होते. आयुष्यात इतकं नीट मी काहीही पाहिलं नव्हतं.

"अन् मी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही मध्ये आहात. हात गुडघ्यांवर. स्वेटरचं वरचं बटण उघडं आहे."

"कुठं पाहून राहिलो?"

मी पुन्हा भिंग लावलं. "सरळ कॅमेऱ्याकडे. डोळ्यांत डोळे घालून."

"असं कसं?" ते हसले. "मले त कॅमेरा दिसतच नव्हता."

"मी 'इकडे' म्हटलं होतं. तुम्ही माझ्या आवाजाकडे पाहिलंत."

 मग त्यांनी पायाने पत्र्याची पेटी माझ्याकडे ढकलली. चौदा कॅमेरे, आपापल्या फडक्यांत. "न्या आता," ते म्हणाले. मी नको म्हणाले नाही. वाकून नमस्कार केला, तर त्यांचा हात हवेत थोडा शोधत येऊन माझ्या डोक्यावर टेकला.

काकू चहा घेऊन वर आल्या. "दाखवा पाहू मले," म्हणत त्यांनी फिल्म माझ्या हातातून ओढली आणि खिडकीत धरली. फिल्मवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, हे फोटोवाल्याबरोबरच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊक असणारच. पण त्या पाहत राहिल्या, जवळ धरून, लांब धरून.

"अहो," त्या म्हणाल्या, "केस काळेभोर आले तुमचे. लग्नात होते तसे."

काकांनी एक हात डोक्यावरून मागे फिरवला आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.